मला कुंडी म्हणू नका

मी होडी बोलतेय. हो हो, तुम्हालाच म्हणतेय! आत्ता गाडीची काच खाली करून "किती गोड कुंडी!" म्हणालात ना? पुन्हा म्हणू नका. मी कुंडी नाही. माझं नाव मोर्वेन्नोल. समुद्रावरच्या पाकोळीला आमच्याकडे असं म्हणतात. पेटूनियाची ती लोंबती फांदी जरा बाजूला सारलीत, तर माझ्या नाकाडावर अजून वाचता येईल.

वेल्समधल्या पोर्थ ब्राइथ गावाच्या वेशीवर, तीन रस्ते मिळतात त्या गोल चौकात, मला गवतावर बसवलंय. पोटात माती, मातीत फुलं. समुद्र इथून दिसत नाही, पण ऐकू येतो. घरच्या बाईला स्वयंपाकघरातून काढून माडीवर कोंडावं आणि खालच्या फोडणीचा वास तेवढा तिच्यापर्यंत येऊ द्यावा, तसली ही शिक्षा आहे.

आणि गुन्हा काय? तर एका मुलीला घेऊन मी समुद्रात गेले. होडीने दुसरं काय करायचं असतं, सांगा ना!

माझा जन्म एमरिसच्या शेडमधला. एमरिस होड्या बांधायचा. बोलायचा कमी, ठोकायचा जास्त. माझ्या फळ्या लार्चच्या, फासळ्या ओकच्या, खिळे तांब्याचे. तो ओक म्हणे इतका जुना होता, की त्याच्याखाली एका राजाने पावसात आडोसा घेतला होता. राजा कुठला, ते एमरिस दर खेपेला वेगळं सांगायचा. मी कधी टोकलं नाही. आपल्या घराण्याच्या गोष्टीत थोडी भर पडत असेल तर पडू द्यावी.

एमरिसने मला एकच धडा शिकवला. पाणी बाहेर, माणूस आत. एवढं जिला जमलं ती होडी. मला जमलं. उलट अंमळ जास्तच जमलं. एकदा बेटाकडून येताना मागून पाऊस लागला. मी अशी सुटले, अशी सुटले, की किनाऱ्याला टेकले तेव्हा माझी मागची फळी चिंब होती आणि पुढची ठणठणीत कोरडी! खोटं वाटत असेल तर बेटावरच्या सीलना विचारा. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आमच्या खाडीच्या तोंडाशी ते बेट आहे. दर उन्हाळ्यात त्याला वळसा घालून यायची शर्यत लागते. होडीत एक जण वल्ही मारणारा, एक जण सुकाणूला. आमचं खरं वैर शेजारच्या ट्रेवेन गावाशी. ते आम्हाला खेकडे म्हणतात, आम्ही त्यांना बटाटे म्हणतो. एरवी एकमेकांच्या घरी सोयरिकी करतात, पण शर्यतीच्या आठवड्यात कुणी कुणाला चहा विचारत नाही.

ती मुलगी म्हणजे मेरेरिड. माझ्याकडे आली तेव्हा तिचे पाय कुठेच पोचत नव्हते. वल्ही मारायला नुसते हात पुरत नाहीत, पाय कुठेतरी रोवावे लागतात. ही बसली की तिचे पाय हवेत लटकायचे. एमरिसने एक लाकडी ठोकळा घेतला, तिच्या तळव्याला लावला आणि तिथेच माझ्या पोटात ठोकून टाकला. "आता ओढ," म्हणाला. तिने ओढलं आणि आम्ही दोघी धक्क्यावर जाऊन आपटलो. पोरगी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "पुन्हा!"

पोर वाढत गेली तसतसा एमरिस तो ठोकळा उखडून थोडा मागे ठोकायचा. आया मुलांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात. मेरेरिडची उंची माझ्या पोटात आहे, खिळ्यांच्या जोडजोड भोकांची एक रांग. शेवटची जोडी ठोकली आणि त्याच हिवाळ्यात एमरिस गेला. त्याची हत्यारं गावाकडे आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यातल्याच एका हत्याराने माझा घात केला.

आता मेरेरिडच्या मामाची ओळख करून देते. मनात नाही, पण द्यायला हवी. टेगिडमामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ. चॅपेलचा, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचा, कारभारी तोच, तिथल्या गाण्याला हात हलवून ताल देणारा तोच, होड्यांच्या समितीचा अध्यक्षही तोच. आमच्या गावात समिती म्हणजे काय, तर चहाची मोठी किटली, मनुकांच्या पावाची ताटली आणि कुणालाही तोंडावर 'नाही' न म्हणण्याची कला. "बघू या" म्हणाले की समजायचं, मेलं. टेगिडने लहानपणीच दारूला न शिवण्याची शपथ घेतलेली. दर वर्षी चॅपेलमध्ये त्याचं त्यावर व्याख्यान व्हायचं. "प्रत्येक थेंबात सैतान बुडी मारून बसलेला असतो!" असं म्हणून तो टेबलावर मूठ आपटायचा, तेव्हा पुढच्या बाकावरची बाळं दचकून रडायची.

त्या काळी रविवार म्हणजे रविवार. धुणं वाळत घालायचं नाही, डिलिसच्या दारूच्या गुत्त्याला कुलूप, बागेतले पोरांचे झोपाळेसुद्धा साखळीने बांधून ठेवलेले. मग होडी पाण्यात घालायचं नावच नको. पण मेरेरिडला सवड मिळायची ती रविवारीच. बाकीचे दिवस सकाळी आईबरोबर गाई, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा गाई. आणि त्या वर्षी तिला सरावाची निकड होती. कार्डिफहून प्रॉसरबाई यायच्या होत्या. वेल्सच्या मुलींच्या संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या त्या. बेटाची शर्यत बघून एका मुलीला घेऊन जाणार, असं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षी मेरेरिड त्या संघाच्या वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच उन्हाळ्यात, नाही तर जन्मभर गाई.

म्हणून एका रविवारी तिने आईला सांगितलं, अंग मोडून आलंय. चॅपेलच्या खिडक्यांतून दिसू नये म्हणून आम्ही खडकाच्या आडून सुटलो. सगळं झकास चाललं होतं. घोटाळा केला तिच्या गळ्याने. वल्ह्याचा ताल चुकू नये म्हणून ही पोरगी भजन म्हणायची! चॅपेलमध्ये ती खालच्या पट्टीत गाते, तीच पट्टी, तोच आवाज. फक्त चाल शर्यतीची.

वारा समुद्रावरून गावाकडे होता. चॅपेलमध्ये तेच भजन चाललं होतं, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चारी पट्ट्यांत एकदम, सावकाश. खिडकीतून मेरेरिडचा आवाज आत शिरला आणि पुढचे बाक नकळत तिच्या तालावर गेले. मग मधले, मग मागचे. बाजाचा भाता हलवणाऱ्या म्हाताऱ्याला धाप लागली. सगळं चॅपेल वल्ही मारल्यासारखं पुढे-मागे डोलायला लागलं! त्या दिवशी प्रार्थना इतकी लवकर आटोपली, की घरोघरी चुलीवरचे बटाटे अजून कच्चेच होते. लोक खुशीत होते. फक्त टेगिड हात हवेत धरून उभा राहिला. अंथरुणात तापाने फणफणलेल्या भाचीचा आवाज त्याला समुद्रातून आला होता.

दुसऱ्याच दिवशी समिती बसली. चहा झाला, पाव झाला. मेरेरिडला बोलावलं.

"आजारी होतीस ना गं?" टेगिडने विचारलं.

"समुद्राच्या हवेने बरं वाटेल म्हटलं, मामा."

"आणि भजन?"

"चॅपेल चुकलं म्हणून तिथेच म्हटलं. देवाला तिकडचं ऐकू येत नाही का?"

कुणीतरी चहात हसलं. टेगिड नाही हसला. हसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज पाण्यात असते.

समितीने त्याच वसंतात नवी प्लॅस्टिकची होडी आणली होती. गुळगुळीत, पांढरी, साबणाच्या डबीसारखी. ती मेरेरिडला द्यायची नाही असं ठरलं. ती वल्हवणार ग्लिन. एकही रविवार न चुकवलेला आणि एकही शर्यत न जिंकलेला. बरं, मग मेरेरिड मला घेऊन जाईल, नाही का? हे त्यांच्याही ध्यानात आलं. मग त्यांनी माझ्यासाठी सन्मान शोधून काढला!

त्या वर्षी कविता-गाण्यांचा राष्ट्रीय मेळा आमच्या भागात भरायचा होता. मेळा येणार म्हटलं की वाटेवरचं प्रत्येक गाव नटतं. पताका लावतं, गवताच्या गठ्ठ्यांना टोप्या घालतं. टेगिडने चॅपेलच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "मोर्वेन्नोलने गावाची पुष्कळ सेवा केली. आजपासून ती होडी नाही. ती आपल्या गावाची कुंडी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं?

आणि कुंडी म्हटल्यावर पाण्याचा निचरा व्हायला हवा. टेगिड स्वतः गिरमिट घेऊन आला. एमरिसचं गिरमिट! ज्याने माझा एकेक खिळा बसवला त्याचंच. मला उपडी केली आणि फिरवायला लागला. कर्र, कर्र. जन्मभर मी पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही, आणि या गृहस्थाने पाणी बाहेर जावं म्हणून मला भोकं पाडली! बाईला नवऱ्याने टाकलं तर निदान चार माणसं हळहळतात. माझ्या भोवती उभं राहून समितीच्या बायका चर्चा करत होत्या, जांभळी लावायची की पिवळी.

मेरेरिड लांब दूधगाडीपाशी उभी होती. ती रडली नाही. तिची नजर गिरमिटाच्या दांड्यावर होती.

मग मी चौकात आले. माती, खत, फुलं. एक मात्र कबूल करते. ओल्या मातीने माझ्या फळ्या सुकू दिल्या नाहीत. लाकडी होडी उन्हात पडली की फळ्या आखडून फटी पडतात. माझ्या नाही पडल्या. मला गाडायला निघालेल्यांनी मला लोणच्यासारखं मुरवून ठेवलं.

शर्यत शनिवारी दुपारी. त्या सकाळी कुदळीचा आवाज आला. मेरेरिड! आणि तिच्याबरोबर डिलिस, गुत्त्याची मालकीण, बाह्या वर सारून. मागे आईची दूधगाडी उभी. मेरेरिड एकेक रोप हळूच काढून दुधाच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवत होती. पोरीचं वळण बघा. माझ्यावर अन्याय करणाऱ्या फुलांचंही मूळ तिने तुटू दिलं नाही.

तेवढ्यात सायकलची घंटी. टेगिड.

"कोण आहे तिकडे? फुलं चोरता?"

"फुलं नाही मामा, माती. फुलं ठेवलीत रांगेत, मोजून घ्या."

"मेरेरिड! समितीने काय ठरवलं होतं?"

"नवी होडी द्यायची नाही असं. कुंडी द्यायची नाही असं कुठे ठरलंय?"

डिलिस फिसकन हसली. "टेगिड, तुझी बहीण बोलतेय हिच्या तोंडून. लहानपणी तुला अशीच गप्प करायची."

"तू मध्ये पडू नकोस. या होडीला भोकं आहेत."

"माहितीये," मेरेरिड म्हणाली. "कुणी पाडली तेही माहितीये."

टेगिडने सायकल भिंतीला टेकवली. आवाज जरा उतरला. "अगं, बुडशील."

"मग बुडेन. पण त्या बाई आज आल्यात. पुढच्या वर्षी मी त्यांना चालणार नाही. मामा, मी रविवारी गेले, चुकले म्हणा. शिक्षा मला करायची होती. हिला का केलीत?"

हे ऐकून माझ्या फासळ्यांत काय झालं ते मी सांगत बसत नाही. टेगिड बुटांकडे बघत राहिला.

मेरेरिडने भोकांत चिंध्या कोंबून बघितल्या, मेणबत्ती वितळवून ओतली. बादलीभर पाणी टाकलं की सगळं भळाभळा बाहेर. डिलिसने एका भोकात बोट घालून बघितलं.

"बाटलीची बुचं हवीत गं. वाइनच्या बाटलीची. अगदी तेच माप आहे."

"तुझ्याकडे असतील की!"

"माझ्याकडे बिअरची पिंपं. या गावात वाइन कोण पितं? एकच घर. माझ्या मागच्या दाराने बाटली जाते, आणि रिकामी काही परत येत नाही."

"कुणाचं घर?"

"नाव घेत नाही. धंद्याची रीत असते. खोकल्यावर औषध म्हणून नेतो म्हणे. बाराही महिने खोकला."

आणि नेमका त्याच क्षणी टेगिड खोकला.

डिलिसने ओठ दाताखाली धरले. मी तर होडीच, पण मीसुद्धा दोन फळ्या घट्ट मिटून घेतल्या, हसू फुटू नये म्हणून. टेगिड सायकलवर बसला आणि गेला. मेरेरिड म्हणाली, "समितीला बोलवायला गेला." डिलिस म्हणाली, "थांब जरा."

तो परत आला तेव्हा हँडलला भजनाच्या पुस्तकांची पिशवी होती. त्याने ती गवतावर उपडी केली. बुचंच बुचं! टम्म, तांबूस, प्रत्येकाला मधोमध भोसकल्याची खूण.

"किनाऱ्यावर सापडली," टेगिड म्हणाला. "लाटेबरोबर आली असतील. फ्रान्सकडून वगैरे."

"त्या लाटेला फार खोकला दिसतोय," डिलिस म्हणाली.

"हातोडी आण," टेगिड ओरडला, "आणि तोंड बंद ठेव!"

भोकं कुठे कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक होतं. काही मातीने बुजलेली, काही फासळीच्या बगलेत. हा चॅपेलचा कारभारी काळ्या पॅंटीत गुडघ्यांवर रांगत एकेक भोक हुडकत होता, बूच ठोकत होता. सगळी बसली. एक सोडून. सुकाणूवाल्याच्या बसायच्या फळीखालचं. तिथे हातोडीला जागाच नव्हती.

"हे नुसतं अडकवलंय," तो म्हणाला. "वरून टाच दाबून धरावी लागेल, शेवटपर्यंत."

सुकाणूला डिलिस बसणार होती. तिने आपला गुडघा दाखवला. "हा वाकत नाही. आणि माझ्या वजनाने हिचं ढुंगण इथेच टेकेल."

दोघींनी टेगिडकडे बघितलं. त्याने आधी आकाशाकडे बघितलं, मग आपल्या चकचकीत काळ्या बुटाच्या टाचेकडे.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पाणी पाहिलंय. पण त्या दुपारी धक्क्यावरून घसरत गेले आणि खाडी माझ्या पोटाला लागली, त्या क्षणाच्या तोडीचं मला काही सापडत नाही. आत एक थेंब नाही! एमरिस, बघतोयस ना रे?

आम्हाला बघून किनाऱ्यावर हशा पिकला. माझ्या नाकाडावर एक पेटूनिया राहून गेली होती, मुळासकट फटीत रुतलेली. ट्रेवेनचे बटाटे ओरडले, "खेकड्यांनी बाग आणली!" "ए, तिला खत घाला म्हणजे पळेल!" धक्क्याच्या टोकाला छत्री घेऊन एक उंच बाई उभी होती, ती हसत नव्हती. त्याच प्रॉसरबाई.

शिट्टी झाली. ग्लिनने साबणाच्या डबीतून आईला हात केला आणि तिथेच त्याची शर्यत संपली. ट्रेवेनची होडी पुढे निघाली. मेरेरिडने पाय रोवले, त्याच ठोकळ्यावर. ती पाठीने ओढते, दंडाने नाही. कसं ते बघायचं असेल तर माझ्या बसायच्या फळीला विचारा, तिथे झीज झालीय.

बेटाच्या मागे पाणी उलटं धावतं. तिथे माझ्यावर लाट आली आणि टाचेखालचं बूच उडालं. पाणी! थंडगार, वेताएवढी धार. जन्माची नाचक्की! टेगिडने बूट काढला, मोजा काढला आणि पायाचा अंगठाच भोकात घातला. मी खरं सांगतेय. अंगठा तंतोतंत बसला.

"मामा, पाणी किती?" मेरेरिडने धापा टाकत विचारलं.

"तू खाली बघू नकोस. ओढ!"

"ताल जातोय हो!"

मग त्या माणसाने ते केलं, ज्यासाठी मी त्याला अर्धी क्षमा केलीय. अर्धीच. त्याने भजन धरलं. तेच. आणि चॅपेलच्या चालीत नाही, तिच्या चालीत, शर्यतीच्या. एका हातात सुकाणू, दुसरा हात ताल देतोय, अंगठा भोकात. बेट ओलांडून आम्ही खाडीकडे वळलो तसा त्याचा आवाज किनाऱ्याला पोचला.  मग कुणीतरी वरची पट्टी धरली, कुणी खालची. चारी पट्ट्या उठल्या. त्या रविवारी समुद्रातून भजन गावात गेलं होतं, आज गावातून समुद्रात आलं. मी तर पाण्याला टेकतही नव्हते! ट्रेवेनच्या होडीतला सुकाणूवालासुद्धा गाऊ लागला. गळा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आम्ही पहिल्या आलो. किती फरकाने? एका पेटूनियाच्या. माझं नाक आणि ट्रेवेनचं नाक बरोबरीत होतं, फूल तेवढं पुढे लोंबत होतं, आणि रेषा त्याने ओलांडली.

आता ऐका, माझं रक्त कशाने उकळतं ते. माझ्यात रक्त नाही, पाणी होतं, तेच उकळतं.

ट्रेवेनवाल्यांनी हरकत घेतली. दोन्ही गावांचे पंच तंबूत बसले. किटली आली. ट्रेवेनचा पंच म्हणाला, "रेषा ओलांडली ती फुलाने. आणि जिच्यात फूल उगवतं ती कुंडी. तुमच्याच अध्यक्षांनी चॅपेलच्या दारात सांगितलंय, आजपासून ही होडी नाही."

सगळे टेगिडकडे वळले. एक पाय अनवाणी, पॅंट गुडघ्यापर्यंत ओली.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "चुकीचं सांगितलं होतं."

"पण तिला भोकं आहेत म्हणे. भोकांची होडी तरली कशी?"

तंबूत सगळी समिती होती, चॅपेलचे सगळे बाक होते. मेरेरिड पटकन म्हणाली, "किनाऱ्यावर बुचं सापडली आम्हाला." मामाला वाचवत होती, बघा. गिरमिट फिरवणाऱ्याला.

टेगिडने खिशात हात घातला. एक उरलेलं बूच काढून चहाच्या बशीत ठेवलं.

"किनाऱ्यावर नाही," तो म्हणाला. "माझ्या घरची आहेत. सगळी मीच उघडली, मीच प्यायलो. आता लिहा, ती होडी आहे."

बशी खणखणली. मागून डिलिसचा आवाज आला, "खोकल्यासाठी हो!"

आणि मग पंचांनी काय निकाल दिला? "बघू या," म्हणाले. चहा प्यायले. आणि म्हणाले, प्रयत्न स्तुत्य, पण कुंडी ती कुंडी. ट्रेवेन पहिलं! आजही होड्यांच्या क्लबाच्या भिंतीवरच्या पाटीवर त्या वर्षापुढे ट्रेवेनचंच नाव आहे. एका माणसाने अख्ख्या गावापुढे आपली अब्रू बशीत काढून ठेवली, तीही यांना पुरली नाही.

प्रॉसरबाई तंबूच्या दारात उभ्या होत्या. छत्री मिटत म्हणाल्या, "कुंडी जिंकली की हरली ते तुम्ही बघा. मला मुलगी हवीय. अगं, बॅग भरायला किती वेळ लागेल तुला?"

मुलगी गेली. आनंद आहे. पण बाई, तुम्हीसुद्धा? कुंडी?

मेरेरिड आता कार्डिफला नदीत वल्हवते, पेन्सिलीसारख्या बारीक होड्यांतून, छातीवर वेल्सचा लाल ड्रॅगन लावून. त्या होड्या तिला कितपत ओळखतात कोण जाणे. त्यांच्या पोटात तिच्या लहानपणाचे खिळे नाहीत.

आणि मी? मेळा आठवड्यावर आला होता. समितीने घाईघाईने मला परत चौकात आणली, माती ओतली, फुलं रोवली. त्या घाईत एक गोष्ट विसरले. बुचं! उरलेल्या एका भोकात टेगिडने मला धक्क्यावरून हलवण्याआधी, पुसायचं निमित्त करून, बूच दाबून बसवलं; ओल्या मातीत ते फुगून घट्ट झालं. मी कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्या गावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पडतो तो पडतोच. पाणी आत, निचरा बंद. फुलं आठ दिवसांत तरंगायला लागतात. दर उन्हाळ्याला नवी लावतात, दर उन्हाळ्याला मी ती बुडवते. ही आत्ता दिसताहेत ना, परवाच लावलीत. फार जीव लावू नका त्यांना.

समिती टेगिडला म्हणते, "अहो, बुचं काढा की. जागा तुम्हालाच माहीत." तो डोकं खाजवतो. "आता आठवत नाही हो. वय झालं." चॅपेलची कारभारकी त्याने त्याच वर्षी सोडली. दारूवरचं व्याख्यान हल्ली कुणी देत नाही, बाळं शांत झोपतात.

नाताळात मेरेरिड आली होती. माझ्या कडेवर बसली, हात खाली घालून तळाशी चाचपलं. एकेक बूच. मग शेजारी उभ्या मामाकडे बघून हसली.

तर जाणाऱ्या-येणाऱ्या भल्या माणसांनो, मला मान नको, पाटीवर नाव नको. ट्रेवेनला लखलाभ होवो. फक्त पुढच्या शर्यतीच्या सकाळी कुणीतरी कुदळ घेऊन या. पोरगी त्या दिवशी घरी येणार आहे, मी गाडीवाल्यांच्या बोलण्यातून ऐकलंय. माती उपसायला दोन माणसं पुरतात. तळाची काळजी करू नका. रोज संध्याकाळी एक म्हातारा फिरायला येतो, काठीने माझ्या खाली ठक ठक वाजवून बघतो, सगळी घट्ट आहेत ना म्हणून. मग खोकत खोकत घरी जातो.

बाराही महिने.